दोनला चहा, तीनला झोप

धाकटा सत्तेचाळीस वर्षांचा झाला तरी घरात तो धाकटाच होता. घर म्हणजे आता एकटी वहिनी. आई गेल्या वर्षी गेली, आणि ज्याच्यामुळे हा धाकटा ठरला तो थोरला बावीस वर्षांपूर्वी फुटबॉलची मॅच बघायला म्हणून जो गेला, तो अजून यायचा होता.

धंद्याने धाकटा चष्मेवाला. पुढच्या खोलीत दुकान, मागे स्वयंपाकघर, वर दोन खोल्या. दिवसभर माणसांना खुर्चीत बसवायचं, त्यांच्या डोळ्यांपुढे भिंगं सरकवायची आणि विचारायचं, ‘आधीचं स्पष्ट की आत्ताचं?’ या एका प्रश्नावर त्याचं पोट चालत होतं आणि त्याच प्रश्नाने त्याचा स्वभावही घडवला होता. जे स्पष्ट नाही त्यावर तो बोलत नसे. कुणी गिऱ्हाईक खुर्चीत बसून भुताखेतांच्या गोष्टी सांगू लागलं तर तो शांतपणे त्याचा नंबर पुन्हा तपासायला घेई.

क्लब त्यांच्या गावचा नव्हता. रात्रभर रेल्वेत बसलं की येणाऱ्या शहरातला होता, आणि त्या शहराशी घराण्याचा काडीचा संबंध नव्हता. थोरल्याने लहानपणी रेडिओची सुई फिरवता फिरवता एका गर्दीच्या आवाजापाशी आणून ठेवली आणि ती तिथेच अडकली. प्रेम बहुतेक असंच बसतं. कारणं लोक नंतर सवडीने शोधतात.

त्या क्लबाच्या लोकांची एक खोड प्रसिद्ध होती. शेवटची शिट्टी वाजल्याशिवाय ते जागचे उठत नसत. पाच गोलांनी हरत असले तरी नाही, छप्पर डोक्यावर गळत असलं तरी नाही. इतर क्लबांचे लोक त्यांना ‘चिकट’ म्हणत. यांनी ते नाव पदवीसारखं स्वीकारलं होतं. थोरला तर घरातही रेफरीच्या कायद्याने वागे. तोंडात दोन बोटं घालून दोन शिट्ट्या मारल्या की मध्यंतर, म्हणजे चहा टाका. तीन मारल्या की खेळ संपला, म्हणजे दिवे घालवा. ‘दोनला चहा, तीनला झोप.’ आई म्हणायची की गुरंसुद्धा नावाने हाक मारल्यावर येतात, माझ्या घरात माणसं शिट्टीवर चालतात. वहिनी लग्न होऊन आली त्याच्या दुसऱ्याच दिवशी तिला हा नियम शिकवण्यात आला. सासरी आल्यावर तिच्यावर झालेला पहिला संस्कार तोच.

लग्नाला वर्ष होत होतं तेव्हा थोरल्याने त्या स्टेडियमची दोन तिकिटं मिळवली. शेजारशेजारच्या जागा. आणि निघायच्या आदल्या दिवशी धाकट्याला गालगुंड झालं. पाचव्या वर्षी व्हायचं ते दुखणं त्याला पंचविसाव्या वर्षी झालं. डोक्यावरून हनुवटीखाली फडकं बांधून तो पडला होता, आणि थोरला त्याच्याकडे बघून इतका हसला की त्याच्या तोंडातली पेपरमिंटची गोळी बाहेर पडली. ती गोळी मॅचच्या दिवशी त्याच्या तोंडात कायम असे. मग त्याने धाकट्याचं तिकीट त्याच्याच उशीखाली सरकवलं.

“सूज उतरली तर ये मागनं,” तो म्हणाला. “मी जागा धरून ठेवतो.”

वहिनी दारापर्यंत गेली. तिला तो म्हणाला, “मॅच संपली की येतो.”

मॅच धुक्यामुळे रद्द झाली, असं रेडिओवर सांगितलं. थोरला आला नाही. मामा शोधायला गेला. लॉजवर थोरल्याची पिशवी होती, दाढीचं सामान होतं, घडी न मोडलेला शर्ट होता. थोरला तेवढा नव्हता. पोलिसांनी नोंद घेतली. मामाने परत आल्यावर फारसं काही सांगितलं नाही. एवढंच म्हणाला की चौकीत मरणाची गर्दी होती, बाकावर बसायला जागा नव्हती. धाकटा उठून जायला निघाला तेव्हा आईने त्याचे बूट कपाटात टाकून कुलूप लावलं. एक गेला तेवढा पुरे, असं ती म्हणाली, आणि मरेपर्यंत तेच म्हणत राहिली.

वहिनी कुठे गेली नाही. ती रक्त तपासायच्या लॅबमध्ये कामाला होती. दिवसभर काचेच्या पट्टीवर लोकांचे आजार शोधायची आणि संध्याकाळी घरी येऊन धाकट्याशी पंख्याच्या वेगावरून भांडायची. फक्त एक गोष्ट ती करत नसे. रात्री दाराला कडी लावत नसे. बावीस वर्षांत त्या दारातून एक चोर आणि बरीच मांजरं आत आली. चोर चष्म्याच्या फ्रेमा घेऊन गेला, मांजरं राहिली.

शेजाऱ्यांनी या दोघांचं लग्न आपापल्या घरी बसून केव्हाच लावून दिलं होतं. सरकारदरबारीही थोरला गेल्याचं मान्य झालं होतं. राहिले होते ते हे दोघेच. गेल्या महिन्यात वहिनी भाजी निवडत असताना धाकट्याने जे विचारायचं ते एकदाचं विचारलं. तिने हातातली जुडी पूर्ण निवडली, देठ बाजूला केले आणि मग मान वर केली.

“मी हो म्हणेन, भाऊजी,” ती म्हणाली. “पण मला कडी लावून झोपता आलं पाहिजे.”

त्याच आठवड्यात बातमी आली की क्लब नव्या जागेत जातोय आणि जुनं स्टेडियम पाडायला घेतलंय. पाडण्याआधी लोकांना आतून दाखवणार होते. वहिनीने बातमीचं पान त्याच्या ताटाशेजारी आणून ठेवलं. “जाऊन या. त्यांची खुर्ची रिकामी आहे एवढं स्वतःच्या डोळ्यांनी बघा आणि तिथून मला फोन करा. मी कडी लावते.”

पुढचं सगळं आयुष्य एका रिकाम्या खुर्चीवर येऊन ठेपलं होतं. धाकट्याला हे काम सोपं वाटलं. बंद पडलेल्या स्टेडियममध्ये रिकाम्या खुर्च्यांना तोटा नसतो. त्याने बावीस वर्षांपूर्वीचं तिकीट पाकिटात घातलं, दुकानाला कुलूप लावलं आणि निघाला.

गाडी सकाळी पोचली. ऊन इतकं स्वच्छ होतं की चौकापलीकडच्या पाट्या त्याला चष्मा काढूनही वाचता आल्या असत्या. स्टेडियम एका अरुंद गल्लीच्या टोकाला होतं. बाटलीला बूच बसवावं तशी त्याची विटांची भिंत गल्लीच्या तोंडात बसली होती. एका बाजूला लाँड्री, दुसऱ्या बाजूला किल्ल्या करून देणारा. लाँड्रीवालीने कपडे वाळत घालायची दोरी स्टेडियमच्याच खिळ्याला बांधली होती. जन्मभर ज्याच्यासाठी जीव टाकला ते जवळून बघितल्यावर एवढंसं निघतं, हा अनुभव त्याला माणसांच्या बाबतीत होता. वास्तूच्या बाबतीत पहिलाच.

आत जायच्या तिकिटाबरोबर क्लबाची आठवण म्हणून एक प्लास्टिकची शिट्टी फुकट होती. तिच्या पाकिटावर छापलं होतं, ‘तोंडात घालू नये.’ धाकट्याने ते दोनदा वाचलं. मग शिट्टी खिशात टाकली.

लोक मोजकेच होते. एक नवं जोडपं, आणि दिसेल त्या विटेचा फोटो काढणारे एक गृहस्थ. गाईड पंचविशीतली मुलगी होती. चार माणसांसाठी तिने तोंडापुढे माईक लावला होता आणि तो चालूही ठेवला होता. पहिली सूचना तिने शिट्ट्यांबद्दल केली. आत कुणी वाजवायची नाही, आधीच्या गटाने वाजवून वाजवून तिचं डोकं उठवलं होतं. मग तिने त्यांना कपडे बदलायची खोली दाखवली. भिंतीला खुंट्या, खाली लाकडी बाक, कोपऱ्यात गळका नळ. गृहस्थांनी नळाचा फोटो काढला. जोडप्यातल्या नवऱ्याने खुंटीला आपली टोपी अडकवली आणि बायकोकडे असं पाहिलं, जणू त्याची आत्ताच संघात निवड झाली होती.

बोगद्यातून बाहेर आल्यावर गवत दिसलं. ते मात्र टीव्हीत दिसायचं त्याहून हिरवं होतं. तिन्ही बाजूंचे स्टँड सोललेले होते. खुर्च्या उपटून नेल्या होत्या आणि पायऱ्यांवर बोल्टची भोकं तेवढी राहिली होती. पूर्वेचा स्टँड अजून शाबूत होता. पिवळ्या खुर्च्या, बसायची फळी स्प्रिंगवर. माणूस उठला की ती आपोआप वर जाऊन पाठीला चिकटणार, अशी. त्या स्टँडकडे हात करून गाईडने आपला ठेवणीतला किस्सा काढला.

“आमच्या चिकटपणाचा विक्रम इथला आहे,” ती म्हणाली. दुसरा हाफ चालू, संपायला थोडाच वेळ, आपण एका गोलाने पुढे, आणि धुकं असं की गोलकीपरला स्वतःचे हातमोजे दिसेनात. रेफरीने मॅच रद्द केली. पण तो नियमाला पक्का माणूस. त्याचं म्हणणं, शेवटची शिट्टी संपलेल्या मॅचला असते, रद्द झालेल्या मॅचला नसते. त्यामुळे त्याने ती वाजवलीच नाही. एकेका खेळाडूला खांद्याला धरून आत नेलं आणि लाउडस्पीकरवरून लोकांना घरी जायला सांगितलं. कडेचे लोक गेले. मधला गट हलला नाही. लाउडस्पीकरवर काय, कुणीही बोलेल, शिट्टी कुठाय, असं म्हणाले आणि बसून राहिले.

“मग?” धाकट्याने विचारलं.

“मग काय, गेले असतील की कधीतरी. जन्मभर कोण बसतंय?”

फोटोवाले गृहस्थ हसले. जोडपंही हसलं. धाकटा स्टँडकडे बघत होता. कडेच्या सगळ्या खुर्च्यांच्या फळ्या वर होत्या, पाठीला चिकटलेल्या. मधल्या गटातल्या खाली होत्या.

त्याने चष्मा काढला, रुमालाने पुसला, पुन्हा लावला. आधीचं आणि आत्ताचं सारखंच होतं.

गाईडला विचारलं तर तिच्याकडे उत्तर तयार होतं. स्प्रिंगा गंजल्यात, ओल धरली आहे, खुर्च्या काढणारे फिटरसुद्धा त्या भागाला वैतागून तो शेवटी ठेवून बसलेत. धाकट्याला ते पटलं. गंज हे त्याच्या मते जगातल्या बऱ्याच गोष्टींचं पुरेसं कारण होतं. त्याने पाकिटातून जुनं तिकीट काढून दाखवलं आणि आपली जागा एकदा बघून येऊ का, असं विचारलं. गाईडने तिकिटाकडे बघून मान डोलावली. बोगद्यापाशी थांबते, पटकन या, म्हणाली.

तो पायऱ्या चढू लागला. कडेच्या गटाच्या बाजूने चढताना सिमेंट कोरडं होतं, उन्हाने तापलेलं. मधल्या गटाजवळ आल्यावर गार लागलं. सावली नव्हती, तरी गार लागलं. ओल्या लोकरीचा वास येत होता, बंद खोलीत माणसं बराच वेळ बसल्यावर येतो तसा. त्याने रांगेचं अक्षर पाहिलं आणि आत वळला. वळताना त्याच्या तोंडून ‘जरा जाऊ द्या’ असं गेलं. का गेलं ते त्याला कळलं नाही. तो आडवा चालत राहिला, गुडघे चुकवत चालावं तसा.

त्या सगळ्या गटात एकच फळी वर होती. ती त्याच्या तिकिटावरची जागा होती.

तिच्या शेजारची, थोरल्याची, खाली होती.

धाकटा उभा राहिला. मग त्याने जे तो कुठल्याही बिघडलेल्या वस्तूशी करी तेच केलं. वाकला, खालून पाहिलं. स्प्रिंग गंजलेली नव्हती. चांगली लखलखीत होती आणि पूर्ण ताणलेली होती. त्याने फळीखाली हात घालून ती वर उचलून पाहिली. फळी एवढीशी हलली आणि पुन्हा खाली बसली. बसलेल्या माणसाची खुर्ची मागून कुणी गमतीने ओढली तर तो अंग जड करून जसा बसतो, तशी. लाकूड खालच्या बाजूने कोमट होतं.

त्याने पुढच्या रांगेतली एक फळी उचलून पाहिली. तीही तशीच. तिच्या शेजारची तशीच. ती उचलताना त्याला वाटलं की आपण एका अनोळखी माणसाशी आगाऊपणा करतोय, आणि त्याने हात काढून घेतला.

चौकीत मरणाची गर्दी होती, असं मामा म्हणाला होता. बाकावर बसायला जागा नव्हती.

त्याने पुन्हा वाकून थोरल्याच्या जागेकडे तोंड नेलं. पेपरमिंटचा वास आला. आणि त्याच्या चष्म्याची उजवी काच धूसर झाली. डावी स्वच्छ होती. काच अशी कधी धूसर होते हे सांगायला त्याला कुणा जाणकाराची गरज नव्हती. दिवसातून दहा वेळा तो तोंडाची वाफ काचेवर सोडून ती पुसत असे. गार काचेवर जवळून कुणाला तरी श्वास सोडावा लागतो.

“दादा,” तो हळूच म्हणाला. “मॅच संपली. चल.”

काही झालं नाही. होणारही नव्हतं. लाउडस्पीकरचं ज्यांनी ऐकलं नाही ते त्याचं काय ऐकणार?

खाली बोगद्याशी गाईड जोडप्याचा फोटो काढून देत होती. ऊन होतं. गल्लीतून लाँड्रीवालीने कुणाला तरी मारलेली हाक ऐकू आली. धाकट्याने खिशातला फोन काढला आणि विचार केला. वहिनीला सांगता आलं असतं. खुर्चीवर कुणी दिसत नव्हतं, म्हणजे ती रिकामी होती. शंभरातल्या शंभर डोळ्यांना रिकामी दिसली असती. पण पंचवीस वर्षांत त्याने एकाही गिऱ्हाइकाला चुकीचा नंबर दिला नव्हता, आणि जिच्याबरोबर उरलेलं आयुष्य काढायचं तिला पहिलाच नंबर चुकीचा द्यायचा नव्हता. खुर्ची रिकामी आहे असं सांगायचं तर ती रिकामी व्हायला हवी होती. झालं नसेल तर ते करायला हवं होतं. एवढा सरळ हिशेब होता. तो मनाशी ठरला तेव्हा त्याची भीतीसुद्धा जरा कमी झाली.

त्याने फोन ठेवला आणि शिट्टी काढली.

छाती भरून त्याने पहिली शिट्टी वाजवली. स्वस्तातल्या प्लास्टिकच्या मानाने आवाज सणसणीत निघाला. समोरच्या उघड्याबोडक्या स्टँडवर आपटून परत आला.

दुसरी वाजवली.

तिसरीला नुसती हवा गेली. शिट्टीतला मणी कुठेतरी अडकला होता. फुस्स.

त्याने शिट्टी झटकली, तळहातावर आपटली, पुन्हा तोंडाला लावली. तेवढ्यात पहिल्या रांगेतली एक फळी टपकन वर गेली.

मग दुसरी. मग चार-पाच एकदम. मग खालून वरपर्यंत सगळा गट धडधडत उठला, टपटपटपटप, आणि त्याच्या शेजारून, रांगेतून, पायऱ्यांवरून गार हवा खाली वाहत गेली. कुणाचा तरी खांदा त्याच्या खांद्याला लागला. थोरल्याची फळी पाठीला जाऊन आपटली आणि थरथरत राहिली.

आवाज थांबला. सगळ्या खुर्च्या वर होत्या. धाकट्याने वाकून आपली उजवी काच थोरल्याच्या जागेसमोर धरली. ती स्वच्छ राहिली.

गाईड खालून ओरडली नाही. तिने दोन्ही हात कमरेवर ठेवले आणि माईकमधून म्हणाली, “सांगितलं होतं ना, शिट्टी नाही म्हणून.” मग तिचं लक्ष खुर्च्यांकडे गेलं. ती म्हणाली की बघा, ऊन लागलं की स्प्रिंगा सुटतात, फिटरना उगाच वैताग. मग ती लोकांना घेऊन बोगद्यात शिरली. तिचा आवाज आतून येत राहिला, जिंकलेले कप ठेवायच्या कपाटाबद्दल काहीतरी सांगणारा.

धाकटा पायऱ्या उतरून गवताच्या कडेला आला. मन हलकं झालं होतं. घरी गेल्यावर पंख्याचा वेग वहिनी म्हणेल तेवढा ठेवायचा, असं त्याने त्या भरात ठरवूनही टाकलं. मग फोन लावला.

रिंग वाजत राहिली. कुणी उचलला नाही. त्याने पुन्हा लावला. पुन्हा वाजत राहिली. सुट्टीचा दिवस होता, वहिनी घरीच असणार होती. फोनची वाट बघत असणार होती. तिसऱ्यांदा लावला तेव्हा तिने उचलला.

“वहिनी, मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं,” तो म्हणाला. “खुर्ची रिकामी आहे. लावा कडी.”

पलीकडून आधी भांड्याचा आवाज आला, काहीतरी टेबलावर ठेवल्याचा.

“रिकामी असणारच,” ती म्हणाली. “हे इथे होते.”

बावीस वर्षांत तिने थोरल्याला ‘हे’ म्हटलं नव्हतं. ‘ते’ म्हणायची.

“कोण, वहिनी?”

“दोन शिट्ट्या ऐकू आल्या. मागच्या अंगणातून आल्यासारख्या. मी सवयीने आधण ठेवलं. मग लक्षात आलं, आपण हे का करतोय. तोवर दार ढकलून आत आले.”

धाकट्याने हातातल्या शिट्टीकडे पाहिलं. दोन वाजल्या होत्या. तिसरी वाजलीच नव्हती.

“तस्सेच आहेत,” वहिनी म्हणाली. तिचा आवाज लॅबमधला होता, रिपोर्ट वाचून दाखवतानाचा. “एक दिवसाने मोठे झाले नाहीत. बुटांना ओलं गवत लागलंय. माझ्याकडे बघून म्हणाले, केसांना पीठ लागलंय तुझ्या. चहा घेतला. कप अजून गरम आहे, हातात धरलाय मी. बसा म्हटलं तर म्हणाले, मध्यंतर आहे फक्त, खेळ पुन्हा सुरू होईल. उभ्यानेच प्यायले.”

“मग?”

“तुमची चौकशी केली. धाकटा आला का, म्हणाले. मी म्हटलं, तिकडेच गेलेत तुम्हाला बघायला. तर म्हणाले, बरं झालं. त्याची जागा धरून ठेवलीय.”

मैदानाच्या पलीकडच्या टोकाला, भर उन्हात, गोलच्या जाळ्यामागचं काही दिसेनासं झालं होतं. मग जाळं दिसेनासं झालं. मग खांब.

“गेले की लगेच मी कडी लावली,” वहिनी म्हणाली. “बावीस वर्षांत पहिल्यांदा लावली, भाऊजी. तुम्ही आता या घरी.”

त्याच्या पाठीमागे एक फळी खाली बसली.

मग दुसरी. आता घाई नव्हती. लोक चहा पिऊन निवांत परत येतात तशा एकेक, दोनदोन फळ्या खाली बसत होत्या, खालून वर, रांगेमागून रांग. धाकटा वळला. त्याने थोरल्याची रांग शोधली. थोरल्याची फळी खाली आली.

तिच्या शेजारची वर होती. ती हळूहळू खाली यायला लागली. बसल्यावर जाते तशी ती गेली नाही. उशिरा येणाऱ्या माणसासाठी कुणीतरी हाताने दाबून धरावी तशी अर्ध्यावर आली आणि तिथे थांबून राहिली.

धाकट्याने शिट्टी कानाशी हलवली. मणी आता सुटा झाला होता, आत खुळखुळत होता. ती तो आत्ताही वाजवू शकला असता. पण मध्येच वाजवलेली शिट्टी ही माणसं मानणार नाहीत, हे त्याला कळत होतं. मॅच संपायच्या वेळेलाच ती वाजायला हवी होती. तीनदा. तोवर कुणीतरी तिथे बसून राहायला हवं होतं, ज्याच्या हातात शिट्टी आहे असं. यात न समजण्यासारखं काही नव्हतं.

धुकं मैदानाच्या मध्यावरच्या रेघेपर्यंत आलं होतं. बोगद्यातून गाईडचा आवाज येईनासा झाला होता.

“भाऊजी,” वहिनी म्हणाली. “ऐकताय ना?”

“ऐकतोय,” तो म्हणाला. शिट्टी मुठीत घट्ट धरून तो पहिली पायरी चढला. काचा दोन्ही धूसर झाल्या होत्या. “मॅच संपली की येतो.”

तिकडे फोन टेबलावर ठेवल्याचा आवाज आला. चपलांचा आवाज दारापर्यंत गेला. मग कडी काढल्याचा आवाज आला.